कॉलेजच्या स्टेजवरची हळद

उरण,
९ जानेवारी २०२५

ती. सौ. तुळशीताईस,
राहीचा शि. सा. न. वि. वि.

दहावीनंतर ही अक्षरं पहिल्यांदाच लिहिते आहे, हसू नकोस. पत्राची वेळ आली कारण विनेशदादाने माझा फोन पाट्यावर ठेवला आणि वरवंट्याने त्याचा चुरा केला. आयचा फोन आता त्याच्या खिशात असतो. नाक्यावरच्या किराणावाल्या शेठची हेतल माझ्या वर्गात आहे, तेवढीच पुस्तकं द्यायला घरात येऊ शकते. हे पत्र तिच्या वहीतून जाईल. उत्तर तिच्या दुकानाच्या पत्त्यावर टाक, घरी टाकू नकोस.

तू ओली बाळंतीण, तुझ्या कानावर हे घालू नये असं आय बोलते. पण ताई, तुला नाही तर कुणाला सांगू? पालथी पडून लिहिते आहे. ट्रेलरच्या ताडपत्रीची दोरी दुपदरी करून दादाने मला मारलं. आय मध्ये पडली तर तिला ढकललं, ती चुलीवर पडली. तिचा कोपर भाजलाय.

झालं ते असं. आमच्या कम्युनिटी कॉलेजात जानेवारीत विद्यार्थी उपक्रमांचा आठवडा असतो. बंदरामुळे आमच्या वर्गात कुठकुठची पोरं आहेत, ओडिशाची, बिहारची, तमिळ, मोहल्ल्यातली, आपली आगरी-कोळी. क्षिप्रा मॅडमनी यंदा ठरवलं की प्रत्येकाने आपल्याकडचं लग्न स्टेजवर करून दाखवायचं, म्हणजे एकमेकांची ओळख होईल. मॅडम अलिबागकडच्या वाडीवाल्या, स्वभावाने लाख चांगल्या, पण घाई फार. मीच त्यांना उत्साहाने सांगितलं की आमच्यात भटजी नसला तरी चालतं, धवलारीण लागते, ती धवले गाते तेव्हाच लग्न लागतं. मग गोदूबाईंना बोलावलं. आपल्या घरात तुझंही लग्न त्यांनीच लावलं.

नवरी म्हणून मी बसले. नवरा व्हायला आपल्यातला एकही पोरगा तयार होईना. मॅडमना वाटलं लाजतात. लाजत नव्हते गं, धवल्यांना थट्टेत बसायचं नसतं हे त्यांना घरून माहीत होतं, पण बोलला कुणी नाही. शेवटी माइकच्या वायरी जोडणारा प्रज्योत उठला, बोलला की मॅडम, वेळ जातोय, मी बसतो. बौद्धवाडीतला आहे तो. वर्षभरात मी त्याच्याशी चार वाक्यं बोलले नसेन.

मॅडमनी दहा मिनिटं दिली होती. पण गोदूबाईंना जन्मात पहिल्यांदा माइक मिळाला, आणि धवल्यागणिक पोरं टाळ्या वाजवायला लागली. त्यांनी खरी हळद लावली, खरे तांदूळ टाकले, आणि एकदा तोंड उघडल्यावर धवला अर्ध्यावर टाकला तर नवरीवर संकट येतं असं सांगून अख्खं लग्न गाऊन संपवलं. मॅडम घड्याळ बघत राहिल्या आणि मग त्याही टाळ्या वाजवायला लागल्या.

संध्याकाळी गावाच्या ग्रुपवर व्हिडिओ फिरला. खाली कुणीतरी लिहिलं, राहीचं लग्न लागलं एकदाचं. दादाने तो बघितला. मला मारून झाल्यावर मित्र घेऊन बौद्धवाडीत गेला, प्रज्योतचे स्पीकर दगडाने फोडले, त्याच्या बापाच्या छातीत लाथ घातली. तिथे काय शब्द वापरले ते मी लिहिणार नाही.

मला एवढंच हवंय की मार्चमध्ये परीक्षा देऊ दे. गोदामाच्या कामाचा डिप्लोमा आहे, नोकरी लागते. तू दादाशी बोल, तुझं तो ऐकतो.

बाळाला गोड पापा. दाजींना नमस्कार. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
राही

*

दिघी,
१६ जानेवारी २०२५

चि. राहीस,
तुळशीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. वाचताना पान्हा आटला की काय असं झालं. पाठीला हळद-तेल लाव, आयच्या कोपराला कोरफड. मीठ लागू देऊ नको.

आता मार खाल्लेल्या माणसाला बोलू नये, पण बाय माझे, तुला नवरीचं सोंग घ्यायला सांगितलं कुणी? शाळेच्या गॅदरिंगमध्ये तुला झाड केलं होतं तर तू फांद्या टाकून रडत घरी आली होतीस. आणि धवल्यांना जाऊन बसलीस ती! गोदूबाईंचं काय, त्यांना कोण टाळ्या वाजवतंय एवढं दिसलं की पुरे. माझ्या लग्नात जेवणाची पंगत उठून गेली तरी त्यांचं चालूच होतं.

विनूने केलं ते वाईट केलं. मी त्याला पाठीशी घालत न्हाय. पण त्याला तू नंतर पाहिलंस, मी आधीपासून पाहिलाय. आय मिठागरावर असायची तेव्हा त्याला कडेवर घेऊन मी बांधाबांधाने तिला भाकर पोचवायची. उन्हात त्याचे पाय भाजायचे तर मी माझी ओढणी त्याच्या पायांना गुंडाळायची. बाबा गेले त्या वर्षी त्याने शाळा सोडली आणि क्लीनर म्हणून ट्रेलरवर चढला, तो आपल्या दोघींसाठी. रागाने आंधळा होतो, मनाने काळा न्हाय. गावात कोण काय बोलेल याची त्याला फार भीती. तू कोर्स कर, नोकरी कर, मी त्याला समजावीन, पण तोवर त्याच्या समोर तोंड चालवू नको.

हे मिटवायची एक रीत हाय. तुझ्या दाजींशी बोलले. त्या पोराने मोठ्या माणसाला सोबत घेऊन यावं, विनूच्या हातात नारळ द्यावा, आणि हे नाटक होतं, मनात काही नव्हतं, असं चार माणसांत सांगावं. आपल्याकडे कोळीवाड्यात जाळी फाटण्यावरून डोकी फुटली तरी असंच मिटतं. नारळ घेतला की हात उचलायचा न्हाय, हे विनूलाही ठाऊक हाय. तो पोरगा सध्या कुठे हाय ते कळव, बाकी आम्ही बघतो.

बाळ आता मान धरायला लागलाय. नाक अगदी विनूचं. दाजी त्याला बोटीवर न्यायच्या गोष्टी करतात, मी सांगितलं आधी दात येऊ देत.

जेव नीट. रुसून उपाशी राहायची तुझी सवय मला माहीत हाय. आठवण करत जा, मी करतेच.

तुझी,
ताई

*

उरण,
२२ जानेवारी २०२५

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र हेतलने अकाउंट्सच्या पुस्तकात घालून दिलं. झाडाची आठवण काढलीस म्हणून पहिल्यांदा हसले, बरगडीत कळ आली.

इथे रोज काहीतरी फुटतंय. क्षिप्रा मॅडम घरी आल्या होत्या. सगळी चूक आपली आहे, राहीचा यात काडीचा दोष नाही, असं हात जोडून सांगत होत्या. दादाने ऐकून घेतलं, चहा दिला, आणि त्या गाडीत बसल्यावर काचेवर दगड टाकला. काच त्यांच्या मांडीवर सांडली. कपाळातून रक्त आलेलं मी खिडकीतून बघितलं. कॉलेजने उपक्रम समिती बंद केली आहे. ओडिशाच्या पोरांच्या खोल्यांवर कुणी जाऊन दम दिला की यापुढे नाचगाणी केलीत तर गाशा गुंडाळा.

रविवारी गावकी बसली, मलाही तिथे नेऊन बसवलं. गोदूबाईंना बोलावलं. दादाला त्यांच्याकडून एकच वाक्य हवं होतं, की ते लग्न नव्हतं. ताई, ती बाई आधी घाबरली होती, पदराशी चाळा करत होती. पण कुणीतरी पाठून बोललं की म्हातारीला आता धवले आठवत नाहीत, कायतरी बडबडली असेल. तिथे तिचं बिनसलं. उठून उभी राहिली आणि ठणकावलं की मी गायले ते पूर्ण गायले, एक शब्द गाळला नाही, पाहिजे तर परत गाऊन दाखवते. लागलं ते लागलं. अशा वेळी कुणी अभिमान दाखवतं का? मला तिचा इतका राग आला आणि हसूही आलं. दादाने सगळ्यांसमोर तिच्या थोबाडीत मारली. वरचे दोन दात पडले. पंच खाली बघत बसले.

आता दादाला दुसरंच सुचलंय. माझं लग्न लावून मोकळं व्हायचं. हरेश्वर म्हणून माती-भरावाचा ठेकेदार आहे, दादाचा ट्रेलर त्याच्याच कामावर असतो. त्याची पहिली बायको भाजून मेली. स्टोव्ह भडकला असं सांगतात, पण त्यांच्या घरी दोन गॅस आहेत. सोळा फेब्रुवारीला हळद धरली आहे. मी नाही बोलले तर दादाने माझे केस मुठीत धरून डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं आणि सांगितलं की नाही हा शब्द विसरायचा. म्हणून आता तुझ्या त्या नारळावरच माझी सगळी भिस्त आहे.

प्रज्योत आगरदांड्याला आहे, जेट्टीजवळ त्याच्या मामाचं सायकल-मोटार दुरुस्तीचं दुकान आहे, तिथे. तुमच्या समोरच, खाडीपलीकडे. हे मॅडमना माहीत आहे, हेतलला माहीत आहे आणि आता तुला. मामा समजूतदार आहे असं हेतल बोलली. दाजींनी एकदा फेरीबोटीने जाऊन त्याच्याशी बोलावं. आधी मामाशी बोला, मग दादाशी, उलटं करू नका.

बाळाच्या नाकाला माझी पापी. तुझ्या जिवावर तग धरून आहे, हे ध्यानात असू दे.

तुझी,
राही

*

दिघी,
३१ जानेवारी २०२५

चि. राहीस अनेक आशीर्वाद.

 हेतलकडून तुला कळलंच असेल. तरी माझ्याकडून कळावं म्हणून लिहिते.

मी विनूला फोन केला. दाजी बोलत होते की आधी पलीकडे जाऊन येतो, पण मला वाटलं, भाऊ आपला, त्याच्यापासून लपवून समेट कसा करायचा? मी त्याला सांगितलं की पोराचा ठावठिकाणा लागलाय, तो माफी मागायला तयार हाय, तू नारळ घे आणि राहीला परीक्षेपुरती सोड. तो शांत बोलला. बाळ बघायलाही येतो बोलला. मंगळवारी आला, बाळाला झबलं आणलं, मांडीवर घेतलं. त्याच्या डोक्यावर हात ठेवून मला सांगितलं की ताई, मी हात उचलणार न्हाय. पापलेटचं कालवण केलं होतं, पोटभर जेवला. नारळ मीच शेंडी ठेवून सोलून पिशवीत घालून दिला, म्हटलं त्या लोकांना ऐनवेळी मिळाला न्हाय तर. पिशवीत खाली आणखी काय होतं ते मी पाहिलं न्हाय.

दाजी सोबत गेले. परत आले तेव्हा त्यांच्या शर्टावर रक्त होतं. ते सांगतात की मामा दुकानात नव्हता. पोरगा एकटा एका मोटारसायकलची साखळी लावत होता. विनूला बघून उभा राहिला, दोन्ही हात जोडले. विनूने नारळ पुढे केला. पोराने घ्यायला उजवा हात लांब केला तसा विनूने तो मनगटाला धरून फरशीवर दाबला आणि ट्रेलरची चाकं खोलायची ती लोखंडी टॉमी पिशवीतून काढून बोटांवर घातली. पुन्हा पुन्हा घातली. दाजींनी कमरेला मिठी मारून ओढलं तर त्यांनाही कोपर बसला.

पोरगा काहीतरी उलट बोलला असेल असं मला वाटलं. दाजींना तीनतीनदा विचारलं. ते बोलतात, काही बोलला न्हाय.

त्या दिवसापासून तुझे दाजी माझ्या हातचं जेवत न्हायत. समोरच्या काकीकडे जेवतात. विनू फोन उचलत न्हाय. मला अजून वाटतं की गावातल्या मित्रांनी त्याला भरवलं असेल, तो असा नव्हता. तू माझ्यावर रागावली असशील. राग, पण लिही.

ताई

*

उरण,
५ फेब्रुवारी २०२५

ताई,

नमस्कार लिहायला हात वळत नाही.

त्याची तीन बोटं काढावी लागली. उजव्या हाताची. तो वायरमनचा कोर्स करत होता. तू पापलेट केलंस, नारळ सोललास आणि दाजींना सोबत दिलंस. मी लिहिलं होतं, आधी मामाशी, मग दादाशी. दोन ओळींचं काम होतं.

मामाने तक्रार केली तर पोलिसांनी विचारलं, बघितलं कुणी? जेट्टीवरच्या कुणी बघितलं नव्हतं. दाजींनी जबाब दिला की आपण तिकीट काढत होतो, मागे वळलो तेव्हा पोरगा पडलेला दिसला. म्हणून अज्ञात इसमांनी मारलं असं लागलंय. दाजी तुझ्या हातचं जेवत नाहीत म्हणे. फार मोठा उपवास करतात, त्यांना सांग.

आणि तो असा नव्हता असं परत लिहू नकोस. तो असाच होता. बाबांच्या दहाव्याला त्याने तुला चुलीतल्या लाकडाने मारलेलं मी पलंगाखालून बघितलं आहे. तू दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सांगत होतीस की अंगणात घसरले. तुझी ओढणी त्याच्या पायाला गुंडाळलीस ना, ती अजून सुटलेली नाही.

मंडप घातला आहे. एकही धवलारीण यायला तयार नाही. पेणपर्यंत माणसं पाठवून झाली. दुसरीने गाऊन संपवलेल्या पोरीवर आम्ही गाणार नाही, आणि गोदूबाईचे दात पाडले त्या घराचं पाणीही पिणार नाही, असा त्यांचा निरोप. दादा बोलला भटजी आणतो, पण हरेश्वरची आजी अडून बसली आहे की धवल्यांशिवाय सून घरात घेणार नाही. म्हणून आता गोदूबाईंनाच उचलून आणणार आहेत.

तू हळदीला येऊ नकोस. बाळाचं नाक विनेशसारखं आहे हे परत मला सांगू नकोस.

राही

*

अलिबाग,
२१ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुला लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण एका कामासाठी लिहिते आहे, आणि काम सांगायचं तर आधी झालेलं सांगायला हवं.

मी क्षिप्रा मॅडमच्या आईकडे आहे. ठीक आहे. गोदूबाई गेल्या.

हळदीला त्यांना ट्रेलरच्या केबिनमध्ये घालून आणलं. दादाने मंडपाच्या दारातच सांगून ठेवलं होतं की पहिलं खोटं होतं असं आधी बोलायचं, मग गायचं. मला पाटावर बसवलं. आयने मला खांद्यांना धरून ठेवलं होतं. गोदूबाईंनी तोंडातला तंबाखू थुंकला, चूळ भरली, पदर सारखा केला, गाण्याआधी करतात तसं सगळं केलं. सगळ्या बाया सरसावून बसल्या. आणि ती बाई गप्प बसली. नुसती गप्प. माश्या हळदीवर बसायला लागल्या तरी गप्प. हरेश्वरच्या आजीने विचारलं की बये, गळा बसला काय. तेव्हा बोलल्या की गळा चांगला आहे, पण हळद लागलेल्या पोरीला मी परत हळद लावत नाही, मग ती हळद कुणाच्याही नावाची असो.

दादाने टॉमी घातली. डोक्यात. ताई, तो आवाज मी कुणाला सांगू शकत नाही. त्या माझ्या मांडीवर आडव्या झाल्या. त्याने दुसरा घाव उचलला तेव्हा हळदीचा घाणा भरायला आंब्याची पानं बांधून ठेवलेलं मुसळ माझ्या हाताला लागलं. मी त्याच्या मनगटावर मारलं. हाड मोडलेलं हाताला कळलं. तो वाकला तसं खांद्यावर मारलं, पाठीवर मारलं. तो मंडपाची कनात फाडून पळाला नसता तर मी थांबले नसते. मला त्याचं वाईट वाटत नाही. लोक विचारतात, वाईट वाटतं का? नाही वाटत.

हेतलने वर्गातल्या पोरांना सांगून ठेवलं होतं. ओडिशाची दोघं, मोहल्ल्यातल्या तीन मुली, मॅडम, सगळी पाहुण्यांसारखी येऊन मागे उभी होती. त्यांनीच गोदूबाईंना उचललं. दादाच्या मित्रांनी त्यांच्यावर खुर्च्या फेकल्या, एका पोराची भुवई फाटली, तरी खाली ठेवलं नाही. मलाही मॅडमनी त्यांच्याच सोबत गाडीत घातलं. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात त्या गेल्या. शेवटपर्यंत शुद्ध नव्हती.

आता काम. मंडपात सगळं गाव होतं आणि पोलिसांना सगळे सांगतात की आम्ही जेवायला बसलो होतो. आय सांगते की तिला चक्कर आली होती. फिर्याद माझी एकटीची आहे. वकील बोलतात की मुलीनेही मुसळाने मारलंय, उद्या तेच तिच्यावर उलटवतील. दादा माणूस मारणाऱ्यातला आहे हे दाखवायला आगरदांड्याची गोष्ट उभी राहायला हवी. ती फक्त तू आणि दाजी सांगू शकता. त्याला ठिकाण कुणी सांगितलं, काय बोलून गेला, काय करून आला.

दादा फरार आहे. मिळाला नाही तर मी कधीच उंबऱ्याबाहेर पडू शकणार नाही, परीक्षेलाही नाही. मी विनवणी करत नाही. सांगते आहे फक्त. तुला भाऊ एकच आहे हे मला माहीत आहे, आणि मलाही एकच होता.

बाळाला पापा. त्याचा काही दोष नाही.

राही

*

दिघी,
२७ फेब्रुवारी २०२५

चि. राहीस,
आशीर्वाद द्यायचा मला हक्क उरलाय की न्हाय ते ठाऊक न्हाय, तरी देते.

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी विनू इथे आला. भर दुपारी, मागच्या वाटेने. दाजी समुद्रावर होते. हात फडक्यात बांधलेला, दाढी वाढलेली, तापाने फणफणलेला. मी दार उघडलं आणि आत घेतलं. हे तुला आवडणार न्हाय, पण घेतलं. हात शेकला, गरम भात आणि सुकटीचं कालवण वाढलं. डाव्या हाताने जेवता येईना म्हणून मी भरवलं.

जेवताना सांगत होता की दाजी आले की बोटीने खाली जयगडच्या बाजूला सोडायला सांग, तिथून पुढचं तो बघेल. मी विचारलं की गोदूबाईला का मारलंस? तो बोलला की म्हातारी ती, मरायलाच झाली होती. आणि मग भात चावता चावता विचारलं, राही कुठे हाय. जसं मीठ मागावं तसं विचारलं. माझ्या हातून तिचं एक काम बाकी हाय असं बोलला, आणि मला बोलला की ताई, तू सांगशीलच.

मी बोलले, आधी जरा पड, तापात सुचत न्हाय. सुक्या मासळीची खोली मागे हाय, तिथे कुणी येत न्हाय, तिथे त्याला घोंगडी घालून दिली. तो झोपला. मी बाहेरून कडी घातली, कुलूप लावलं आणि समोरच्या काकीला पोलीस पाटलाकडे पाठवलं.

तो उठला तेव्हा पोलीस अजून आले नव्हते. आधी लाथा घातल्या. आपल्या आयला, मला, बाळाला, जे तोंडात आलं ते बोलला. मग कळलं असेल की दार सागाचं हाय, तेव्हा नुसतं ताई ताई सुरू केलं. लहानपणी काळोखात करायचा तसं. राही, मी दाराला पाठ लावून बाळाला पाजत बसले होते. दोनदा हात कुलपाकडे गेला. खोटं कशाला लिहू. दोनदा गेला. दुसऱ्या वेळेला चावी लावलीसुद्धा. मग दारातून तो बोलला की तू उघड, तुला काही करणार न्हाय, बाळाची शपथ. ती शपथ ऐकली आणि चावी काढून घेतली.

जीपमध्ये घालताना त्याने माझ्याकडे बघितलं न्हाय.

संध्याकाळी दाजी आले. मी सांगितलं की मी जबाब द्यायला चालले, तुम्ही तिकीट काढत होतात की काय ते तुमचं तुम्ही ठरवा. ते चप्पल न काढता तसेच माझ्यासोबत आले. दोघांनी सगळं सांगितलं. विनूला फोन मी केला, ठिकाण मी दिलं, जेवायला मी घातलं, हे मी आधी सांगितलं. साहेबांनी विचारलं की बाई, हे तुमच्या अंगाशी येईल, लिहू ना. लिहा बोलले. पोलीस ठाण्यातून परस्पर आम्ही आगरदांड्याला प्रज्योतच्या मामाकडे गेलो. त्याने दारात उभं केलं न्हाय. बरोबर केलं. पोरगा आतल्या खोलीत होता, मला बघून हात पाठीमागे लपवला.

तू लिहिलंस ते चुलीतल्या लाकडाचं खरं हाय. मी घसरले नव्हते.

कोर्टात बोलावतील तिथे येईन, बाळाला घेऊन येईन. आय मला शिव्या देते, गाववाले फोन करून धमक्या देतात, दाजी फोन घेऊन माझ्या जागी ऐकतात. तू परीक्षेला जा. मान वर करून जा, हेतलला सोबत घे.

आणखी एक गोष्ट हाय, ती तुला दुसऱ्याकडून कळण्याआधी मीच सांगते. त्याला कोठडीत जेवण कोण देणार असं पोलिसांनी विचारलं. आय यायला तयार न्हाय, तिला वाटतं मी त्याला धरून दिला म्हणून डबाही मीच द्यावा. तर मी रोज डबा देते. साक्षही देणार आणि डबाही देणार. तुला हे पटणार न्हाय, मला कळतं. काल मी डबा घेऊन गेले तर त्याने परत पाठवला. आज परत नेणार हाय.

माझ्यावर लोभ उरला असेल तर चार ओळी टाक. नसेल तर नुसता परीक्षेचा निकाल कळव.

तुझी,
तुळशी